मी देव नव्हे, दारातला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझी जागा मी सोडणार नाही. माझ्या पोटात सिमेंट आहे, सिमेंटमध्ये रोवलेला लोखंडी पाईप आहे, आणि मला लाथ मारून बघणाऱ्यांचीच बोटे आजवर सुजली आहेत. तुम्ही मला पाहिले असेल. पिंपरीतल्या कुठल्याही गल्लीत जा, दारापुढे गाडीची जागा अडवून माझे भाऊबंद उभे असतात. लोक येता-जाता आम्हाला शिव्या घालतात. 'रस्ता काय यांच्या बापाचा आहे का,' असे विचारतात. नाही, बापाचा नाही. पण माझी हकीकत आधी ऐका, मग काय घालायच्या त्या शिव्या घाला.

मला समजू लागले तेव्हा मी महाळुंग्याच्या एका वर्कशॉपमध्ये होतो आणि माझ्या पोटात मशीनला लागणारे तेल होते. तेल होते तोवर मला झाकण घट्ट लावून सांभाळले. तेल संपले आणि मी भंगारात गेलो. भंगाराच्या ढिगावर पडून राहणे फार वाईट, मित्रांनो. पाऊस आपल्यात साठतो, डास येतात, आणि आपले आता काय होणार हे विचारायलाही कुणी नसते.

तिथून मला भीमराजभाऊंनी उचलले. ते त्याच वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. स्टोअरवाल्याला विचारून, गेटवर दाखवून, कंपनीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन त्यांनी मला घरी आणले. शेजारी बसलेल्याने विचारले, "भाऊ, ह्याचं काय करणार?"

"लेकीची जागा राखायला बसवणार," ते म्हणाले.

त्यांची लेक मैत्री. लहानपणच्या तापात तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेली. शिकली, आणि एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नोकरीला लागली. मागे दोन जादा चाके लावलेली तिची स्कूटर आहे. भीमराजभाऊंनी दाराची पायरी स्कूटरच्या सीटइतकी उंच बांधली आणि तिला लोखंडी कठडा जोडला. स्कूटर पायरीला चिकटून उभी राहिली की मैत्री कठडा धरते, सीटवरून पायरीवर सरकते, आणि तिथून कुबड्या घेऊन घरात जाते. कुणाचा हात लागत नाही. मात्र स्कूटर पायरीला लागली नाही, तर सगळेच अडते. त्या एवढ्याशा जागेवर माझी नेमणूक झाली. कठड्यातून उरलेला पाईप माझ्या पोटात रोवला आणि कंपनीत मशीनच्या कडेला असतात तसे पिवळे-काळे पट्टे मला मारले. काय रुबाब होता माझा!

आता आमच्या गल्लीची अडचण सांगतो. गल्लीच्या टोकाला दत्ताचे देऊळ आहे. गुरुवार हा दत्ताचा वार. आणि इकडच्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच. म्हणजे ज्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या गाड्या घरी, त्याच दिवशी साऱ्या शहरातले भक्त गाड्या घेऊन आरतीला हजर. सोमवारी इथे क्रिकेट खेळता येते. गुरुवारी संध्याकाळी मांजरालाही रस्ता ओलांडायला वाट सापडत नाही. दवाखान्याला काही गुरुवारची सुट्टी नसते. मैत्री कामावरून परत येते ती नेमकी आरतीच्या वेळी.

भीमराजभाऊ होते तोवर गुरुवारी संध्याकाळी ते माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसत. ते गेले, आणि मी एकटा पडलो. त्यांची बायको सोजरबाई थकलेल्या. मला हलवायची एक युक्ती आहे. पाईप धरून मला तिरके करायचे आणि बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचे. लेक आली की सोजरबाई मला तसेच बाजूला घेत. त्यांचे बघून भक्तमंडळीही ती युक्ती शिकली. शहाणपण शिकायला वेळ लागतो, पण असल्या गोष्टी माणूस एकदा बघून शिकतो.

रावेतहून निरंजन नावाचे एक गृहस्थ पांढऱ्या गाडीतून येत. माणूस वाईट नाही. बोलणे मऊ, पायात चप्पल न घालता देवळात जाणारा. पण दर गुरुवारी ते उतरत, मला गरागरा फिरवत भिंतीशी नेत आणि गाडी लावत.

सोजरबाई दारातून ओरडत. "ओ दादा, तिथं नका ना लावू. माझी लेक यायलीय."

"सॉरी हं मावशी, पाचच मिनिटं. आरती झाली की निघालोच."

आरतीनंतर प्रसाद असे. प्रसादानंतर ओळखीचे कुणी भेटे. तोवर मैत्री गल्लीत स्कूटरवर बसून राही, हेल्मेट न काढता. लोक कनवाळू, ते पुढे येत. "ताई, आम्ही उचलून ठेवतो की तुम्हाला." एका गुरुवारी जोराचा वारा सुटला, तिला ताप होता, आणि दोन भल्या माणसांनी घरातली खुर्ची आणून तिला त्यात बसवले आणि खुर्चीसकट उचलून घरात नेले. लोक त्यांचे कौतुक करत होते. मैत्री सगळ्या गल्लीसमोर मान खाली घालून त्या खुर्चीत बसली होती. त्या रात्री ती जेवली नाही. मला राग आला, मित्रांनो. अजूनही येतो. कुणी म्हणेल डब्याला कसला राग, पण ती पायरी आणि मी एकाच माणसाच्या हातचे आहोत.

शेजारच्या भैरूलाही राग आला. भैरू इथल्या मूळ गावातला, चाकणच्या कंपनीत लोडिंगचे काम करणारा, आणि डोक्याने जरा तिरपागडा. पुढच्या गुरुवारी दुपारी तो शेंदराची पुडी आणि तेल घेऊन आला. माझ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवर त्याने भरभरून शेंदूर थापला, वर चांदीचे दोन डोळे चिकटवले, आणि देवळाबाहेर फुले विकणाऱ्या सुमनताईंकडून हार आणून पाईपला घातला.

सोजरबाई बाहेर आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "भैरू, हे काय रं केलंस?"

"मावशे, तू आता गप बघ. कुणाची टाप हाय डब्याला हात लावायची."

खोटे कशाला बोलू, भैरूची युक्ती फत्ते झाली. संध्याकाळी गाड्या आल्या. निरंजनसाहेब उतरले, मला बघून थबकले, आणि विषाची परीक्षा कशाला घ्या म्हणून हात जोडून गाडी पुढे घेऊन गेले. एका बाईने उदबत्ती खोचली. कुणी खोबऱ्याचा तुकडा ठेवला. काल मला लाथ मारणारा आज चप्पल काढून माझ्या पाया पडत होता. मी आतून पेटलो होतो. अरे, मी डबा आहे! तेलाचा डबा! आजवर मी इथे कशासाठी उभा होतो, ते तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही आणि आता नवस बोलता?

मैत्री आली. जागा मोकळी होती. सोजरबाईंनी पदराने पाईप धरून मला पायरीच्या बाजूला घेतले. स्कूटर पायरीला लागली, मैत्री सरकून पायरीवर बसली आणि मग तिने माझ्याकडे पाहिले.

"भैरूदादा, हे तू केलंस?"

"व्हय. जागा मिळाली का न्हाई, ते सांग."

"मिळाली."

"मग झालं तर. दर गुरवारी मिळंल."

मैत्रीने शेंदराला बोट लावून पाहिले. मग म्हणाली, "आई, घासणी आण. आणि साबणाचं गरम पाणी."

"राहू दे की बाई," सोजरबाई हळूच म्हणाल्या. "जागा तर भेटली ना. आपण थोडंच पाया पडलो?"

"आपण नाही पडलो. पण दार आपलं आहे, आई. बाबांनी ह्या दारात कधी शेंदूर लावू दिला असता का? त्यांनी बाबासाहेबांचा फोटो लावलाय आत."

तिने आधी हार काढला, नीट गुंडाळला आणि सुमनताईंना हाक मारली. "हा देवळात द्या, ताई. फुलांचा काय दोष." मग पायरीवर बसूनच ती मला घासू लागली. शेंदूर तेलातला, सहज निघेना. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

तेवढ्यात आरती सुटली. गल्लीत माणसे थांबली. कुणीतरी म्हणाले, "शेंदूर असा पुसतात का? काही धर्म आहे की नाही?" दुसऱ्याने आवाज चढवला. भैरूचा चेहरा उतरला. सोजरबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. अशा वेळी एक शब्द वाकडा गेला तर काय होते, हे आमच्या गल्लीला माहीत आहे.

देवळाची व्यवस्था पाहणारे नानासाहेब गर्दीतून पुढे आले. धोतर-टोपीतला वयस्क माणूस, गल्ली त्यांना मानते. मैत्रीने घासणी खाली ठेवली, पण मान खाली घातली नाही.

"काका, हा देव नाही. माझ्या वडिलांनी सिमेंट भरून ठेवलेला डबा आहे. तुमच्या देवाचा मी अपमान करत नाहीये. देव म्हणून डबा पुजायला लावणं, हीच त्याची चेष्टा झाली असती."

"अगं, पण जागा मिळत होती ना त्यानं," नानासाहेब म्हणाले. "आणि नाही मिळाली तर आमची माणसं तुला उचलून नेतातच की."

"तेच नको आहे, काका. मला उचललं की मी सामान होते. आणि डब्यात देव आहे म्हणून जागा सोडलीत, तर ती देवाला सोडलीत. इथे मी राहते म्हणून सोडा. नाही सोडली तर मी रोज भांडेन. पण ह्या शेंदराच्या आड लपणार नाही."

निरंजनसाहेब प्रसादाचा द्रोण हातात धरून मागे उभे होते. नानासाहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिले. मग आवाज चढवणाऱ्याकडे वळून म्हणाले, "डबाच आहे तो. मी किती वर्षं बघतोय. चला, रस्ता मोकळा करा." एवढेच बोलून ते निघून गेले. माफी नाही, वचन नाही.

भैरू पुटपुटला, "चांगलं करायला गेलो आन्..."

"चांगलंच करायला गेलास, दादा," मैत्री म्हणाली. "बाबांचे पट्टे मात्र घासताना गेले बघ. पिवळा रंग आणशील का?"

त्याने आणला. काळाही आणला. पट्टे जरा वाकडे आले आहेत, पण चालायचेच.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. आमच्यातले कितीतरी डबे उगाच उभे आहेत, हे मी मान्य करतो. चादर पांघरून झोपलेल्या गाड्यांसाठी, नुसत्या मिजाशीसाठी. त्यांना खुशाल हटवा. रस्ता सगळ्यांचा आहे, हेही कबूल. मग त्या सगळ्यांत मैत्री येते की नाही, ते तुम्ही सांगा. डबा दिसला तर हात लावण्याआधी दाराकडे बघा. कडी वाजवा आणि विचारा, इथे कोण राहते. देवळात जाणाऱ्या माणसाला तेवढा वेळ असायला हवा.

पुढचा गुरुवार उजाडला. संध्याकाळी पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि माझ्यासमोर थांबली. निरंजनसाहेब उतरले. माझ्या अंगावर ना शेंदूर, ना हार. त्यांनी सवयीने पाईपकडे हात नेला, मग पायरीकडे पाहिले, कठड्याकडे पाहिले. हात मागे घेतला आणि गाडीत बसून ते मोठ्या रस्त्याकडे निघून गेले. बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन पायी परत आले, तेव्हा आरती अर्धी झाली होती.

मैत्रीची स्कूटर आली, पायरीला लागली. ती कठडा धरून सरकली आणि घरात गेली. त्या गुरुवारी माझ्या कुणी पाया पडले नाही, आणि सोजरबाईंशिवाय मला कुणी हातही लावला नाही.