मुद्देमालाच्या खोलीतला झेला

मी झेला. लांब बांबू, टोकाला लोखंडी कडी, कडीला जाळीची पिशवी आणि पिशवीच्या तोंडाशी देठ कापायचं पातं. हापूस न आपटता, न दुखावता खाली आणायचा, तर आमच्या गावात माझ्याशिवाय पान हलत नसे. सध्या मात्र मला सगळे मुद्देमाल क्रमांक तीन म्हणतात. कमरेला लाखेचं सील आहे आणि सुतळीने बांधलेली चिठ्ठी आहे. एवढ्या भारदस्त नावाला साजेसं मी नक्की काय केलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता कळलं तर बरंच होईल.

माझा जन्म दोन घरांत झाला. हसू नका, खरंच सांगतोय. बांबू गणपतच्या परड्यातला. त्यानेच मला तोडलं, तासलं आणि धुरावर शेकून सरळ केलं. जाळी विणली शेजारच्या काशिनाथने, मालवणच्या बाजारातून दोरी आणून, पडवीत बसून. दोन्ही बागांच्या मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा होता. ना चुना ना सिमेंट, नुसते दगडावर दगड रचलेले. त्या गडग्यावरून मला इकडून तिकडे द्यायचे. आज ह्यांची कलमं, उद्या त्यांची. गणपत होता तोवर मी कुणाचा, हा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि मलाही पडला नाही.

आमच्या जातीचा एक दोष आधीच सांगून ठेवतो. झेल्याचं तोंड कायम वर. पानाआड लपलेला आंबा मला बरोबर दिसतो, पण खाली माणसं काय करतात ते धड दिसत नाही. मला फक्त हात कळतात. गणपतचा हात कोरडा आणि सावकाश होता. काशिनाथचा घट्ट. गणपतचा नातू ओंकार, त्याचा सुरुवातीला नुसता घामेजलेला असायचा, कारण त्याला आंबे काढायला काशिनाथने शिकवलं आणि देठ आंब्याजवळ तुटला की तो टपली मारायचा. ओंकारला बाप नव्हता. काशिनाथला तो काका म्हणायचा.

गणपत गेला. पुढे एका वर्षी मोहोर करपला. आंबा थोडा आणि भाव चढा, म्हणजे माणसांची डोकी फिरायला आणखी काही लागत नाही. पेट्या न्यायची गाडी दोन्ही घरांकडे एकाच दिवशी यायची होती. सकाळी काशिनाथ गडग्यावर चढला आणि त्याने मला जाळीकडून धरलं. ओंकारने खालून बुडाकडे धरलं. बांबू आमचा, जाळी आमची, असं बराच वेळ चाललं. मी आडवा, दोघांच्या मध्ये ताणलेला. मग सगळं एकदम झालं. मी हवेत होतो, कशावर तरी आदळलो आणि पडलो. दगडावर आदळलो की माणसावर, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

काशिनाथ गडग्याच्या पलीकडे पडला होता आणि त्याच्या डोक्याला मागून जखम होती. इस्पितळात नेला तो जिवंत परत आला नाही. पोलिसांनी मला उचललं, कारण माझ्या कडीला रक्त होतं. गडग्याच्या एका चिऱ्यालाही रक्त होतं, म्हणून त्यालाही उचललं. काशिनाथचा सदरा क्रमांक एक, चिरा क्रमांक दोन आणि मी तीन. ओंकारने मला उगारून काकाच्या डोक्यात घातलं, असा त्याच्यावर आरोप ठेवला. शाबीत झाला तर त्याचं सगळं तरुणपण तुरुंगात जाणार होतं.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. चिरा आणि मी एकाच खोलीत होतो. तू लागलास की मी, असं मी त्याला कितीदा विचारलं. तो दगडच, काही बोलत नाही.

कोर्टात मला नेणं म्हणजे एक वरातच असायची. दारातून वळत नाही, उभा केला तर पंख्याला लागतो. गंगाराम नावाचा पट्टेवाला मला तिरका धरून आत घ्यायचा आणि भिंतीला टेकवून ठेवायचा. तिथून मला सगळं ऐकू यायचं. एका बाकावर ओंकारची आई राधाबाई पदराचं टोक चावत बसलेली, दुसऱ्यावर काशिनाथची मुलगी श्रिया. दोघी पूर्वी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. आता एकमेकींकडे बघत नव्हत्या.

न्यायाधीश घाटावरचे होते, आमच्याकडे नुकतेच बदलून आलेले. पहिल्या दिवशी ते काही म्हणजे काही बोलले नाहीत. दोन्ही वकील एकमेकांना तोडून बोलत होते आणि हे खाली मान घालून लिहीत होते. डॉक्टर म्हणाले, जखम कठीण, बोथट वस्तूची आहे, झेल्याच्या कडीनेही होईल आणि दगडावर पडूनही होईल. तरी साहेब गप्प. मला राग आला. एवढ्या उंच खुर्चीवर बसून नुसतं लिहायचंच असेल तर लिहायला दुसरं माणूस होतंच की. मी मनात म्हटलं, ह्यांना काही पडलेलं नाही.

मग तुळसा आली. ती काशिनाथकडे आंबे वेचायला होती आणि त्या सकाळी तिथे हजर असलेली ती एकटीच. सरकारी वकिलांनी विचारलं, झेला कुणी धरला होता. ती म्हणाली, ओंकारने. काशिनाथ पडला का, तर पडला. एवढ्यावर ते खाली बसले. मग ओंकारचे वकील उठले. त्यांनी ऊन कुठल्या बाजूने होतं, क्रेट किती भरली होती, असलं सगळं विचारलं, पण काकाला झेला लागलेला तू पाहिलास का, हे विचारलं नाही. ती व्हय म्हणाली असती तर ओंकार संपला असता, म्हणून त्या विहिरीत ते उतरलेच नाहीत. म्हणजे दोघांनी मिळून मधली जागा तशीच मोकळी सोडली. माझ्यासारख्या आडमुठ्यालाही ते जाणवलं.

तेव्हा न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, मला काही विचारायचं आहे. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणूस जागा झाला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकर, म्हणजे गावचा मानकरी, एकेक वाक्य म्हणतो आणि मागे उभे असलेले सगळे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला कलमाखालीही असं गाऱ्हाणं व्हायचं आणि मीही त्यात उभा असायचो. त्यात मधेच नाही म्हणायची सोय नसते, आणि तशी गरजही कुणाला वाटत नाही. साहेब उंच बसलेले, आवाज भरदार, आणि एकेक वाक्य सावकाश टाकत होते. तुळसाने आपसूक हात जोडले.

"ओंकारने झेला ओढून घेतला?"

"व्हय म्हाराजा."

"मग तो उगारला?"

"व्हय म्हाराजा."

"आणि काशिनाथच्या डोक्यात मारला?"

"व्हय म्हाराजा."

राधाबाईच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. ओंकारचे वकील धडपडत उठले, साहेबांनी त्यांना हाताने बसवलं. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं भराभर चालली होती. मी सुन्न झालो. म्हणजे मीच मारला तर. मला आठवत नव्हतं, पण तुळसा सांगतेय, साहेब म्हणताहेत, टाइपही होतंय, तर मग झालंच असणार. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

साहेब पुढचा प्रश्न विचारणार होते, पण थांबले. तुळसाचे डोळे मिटलेले होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिची मान खाली जात होती. ते त्यांनी पाहिलं. मग अगदी त्याच आवाजात म्हणाले,

"आणि त्या वेळी हा आमचा गंगाराम तुमच्या शेजारी उभा होता?"

"व्हय म्हाराजा."

कोर्टात हशा पिकला. गंगाराम मात्र घाबरला, त्याला वाटलं आता आपल्यालाही पिंजऱ्यात बोलावतात. साहेब हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते टाइप करणाऱ्या बाईंना म्हणाले, "लिहा. वरचे प्रश्न न्यायालयाने उत्तर सुचवून विचारले. चूक न्यायालयाची आहे, साक्षीदाराची नाही."

माझा तर पुरता गोंधळ उडाला. हे विचारायला बसलेत की नाही? विचारलं, उत्तर मिळालं, ते त्यांना हवं तसंच मिळालं, आणि आता म्हणतात चूक. जाळीत आलेला आंबा मी कधी बाहेर फेकलेला नाही.

त्यांनी तुळसाला पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं. मग म्हणाले, "आता मी काही सांगणार नाही. तुम्ही काय पाहिलंत ते तुमच्या भाषेत सांगा. पाहिलं नसेल तर नाही म्हणा, मी रागावणार नाही."

तुळसा गप्प बसली. व्हय म्हणायला समोरून वाक्यच येईना, तर बिचारी करणार काय. साहेबही गप्प राहिले, आणि ह्या वेळी मला त्या गप्प राहण्याचा राग आला नाही. शेवटी ती बोलली.

"दोघांय झेलो धरलेलो. ओंकार खाली, काशिनाथ गडग्यार. दोघांय ओढी होते. मगे ओंकारान हात सोडल्यान, आणि काशिनाथ पाठीर पडलो. मारलेला माका दिसूक नाय."

साहेब म्हणाले, हे उत्तर माझ्या प्रश्नातून आलं आहे, तेव्हा दोन्ही वकिलांना त्यावर विचारायची मुभा आहे. सरकारी वकील लगेच उभे राहिले. हात मुद्दाम सोडला ना, काका पडावा म्हणूनच सोडला ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. तुळसाने साहेबांकडे पाहिलं. ते लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"तां मी कसा सांगू?" ती म्हणाली. "हात त्येचो."

हे ऐकल्यावर मला बुडाकडचं ते एकदम मोकळं होणं आठवलं. आठवलं, की तिने सांगितलं म्हणून आठवल्यासारखं वाटलं? तासाभरापूर्वी मीच मारल्याचीही मला खात्री पटली होती. तेव्हापासून माझा माझ्यावर विश्वास उरलेला नाही.

साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीलाही विचारतात. त्याने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. ओंकारच्या वकिलांनी त्याला पढवून ठेवलं होतं, प्रत्येक प्रश्नाला खोटं आहे म्हणायचं. तो तसंच म्हणत होता. मग साहेबांनी तुळसाचं बोलणं त्याला वाचून दाखवलं आणि याबाबत काही सांगायचं आहे का, एवढंच विचारलं. ओंकारने वकिलांकडे पाहिलंही नाही.

"खरं आहे, साहेब. मी सोडला," तो म्हणाला. मग त्याची कोर्टातली भाषा सुटली. "काका म्हणाले, सोड. माका वाटला, भांडाण सपला. म्हणान सोडलंय."

सगळे वाट बघत होते की साहेब आता त्याला फैलावर घेतील. काका असं म्हणाला हे कशावरून, इतके दिवस का सांगितलं नाही. मीही वाट बघत होतो. साहेबांनी विचारलं, अजून काही सांगायचं आहे? तो नाही म्हणाला. साहेबांनी ते लिहून घेतलं.

निकाल लागला. झेल्याने मारल्याचं सिद्ध होत नाही, आरोपीला सोडण्यात येत आहे. माझ्याबद्दल एकच ओळ होती. मी कुणाचा, हे आधी दोन्ही घरांना विचारलं होतं. राधाबाई म्हणाली आमचा नाही आणि श्रिया म्हणाली आमचा नाही. ज्याच्यासाठी एवढं ओढलं त्याला शेवटी घ्यायला कुणी नाही, ह्याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हा निरुपयोगी म्हणून, अपिलाची मुदत संपल्यावर मला नष्ट करायचं ठरलं.

गंगाराम मला तिरका धरून व्हरांड्यातून परत नेत होता. खांबाशी ओंकार उभा होता, आणि श्रिया त्याच्यासमोर येऊन थांबली. गंगारामलाही पुढे जाववेना. ती भांडेल असं मला वाटलं होतं. तिने हलक्या आवाजात विचारलं,

"बाबा सोड म्हणाले, ते रागान म्हणाले, की दमून?"

ओंकारचे डोळे भरून आले. श्रिया वाट बघत उभी राहिली. ते काकाचे शेवटचे शब्द होते, आणि घरी तिच्या आईला ते सांगायचे होते. साहेबांनी हे विचारायला हवं होतं का? त्यांच्यापुढे गुन्हा होता आणि हिच्यापुढे बाप. ह्यातला कुठला प्रश्न खुर्चीचा आणि कुठला व्हरांड्यातला, हे मला ठरवता येत नाही.

"माका कळूक नाय गो," ओंकार शेवटी म्हणाला.

तिने मान हलवली. दमून म्हण, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर तो लगेच दमून म्हणाला असता, आणि ती बरं वाटून घरी गेली असती. मीही तसंच आठवलं असतं.

आता मी कोपऱ्यात उभा आहे. मुदत संपत आली आहे. एकच मागणं आहे. मला जाळाल तेव्हा आधी जाळी काढून घ्या आणि श्रियाकडे द्या. ती नको म्हणाली तर आग्रह करू नका. पण तिला एकदा विचारा, आणि विचारलंत की तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.