तांदळातलं नाव

सुलभाकाकूंच्या सासूबाईंना सगळं घर माई म्हणायचं. माई गेल्यावर काकूंनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला होता, आणि आता म्हातारपणी, अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, बेसमेंटमध्ये भाडेकरू आली तर तिचंही नाव माईच. दैवाला थट्टेची हौस असते, ती अशी.

ही माई व्हिएतनामची जिम्नॅस्ट. वय एकोणतीस, उंची काकूंच्या खांद्याएवढी. सोळाव्या वर्षी तिने देशाला पहिलं पदक आणून दिलं होतं, पुढे आशियाई स्पर्धांतून आणखीही मिळवली. ऑलिंपिक मात्र हुकलं, एकदा थोडक्यात आणि एकदा गुडघ्यापायी. जवळच्या जिममध्ये ती सरावाला आली होती. देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला असलेल्या यशोधनने, काकूंच्या मुलाने, आईने एकटं राहू नये असा धोशा लावला होता, म्हणून खोली तिला मिळाली.

काकूंना लवकरच याची गंमत वाटायला लागली. जन्मभर माईंचं ऐकलं, आता "माई, ताट घे", "माई, स्वेटर घाल" असं ऐकवण्यात सुख होतं. पोरगीही निमूट ऐकायची. तिच्याकडेसुद्धा मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे 'काकू' हा शब्द तिने पहिल्याच दिवशी उचलला.

रोज सकाळी ती हनोईला वडिलांना फोन लावायची आणि बोलता बोलता "मी, मी" म्हणायची. काकूंना वाटलं, मराठी शिकतेय. मग कळलं की तिच्या भाषेत अमेरिकेला 'मी' म्हणतात. काकू पोट धरधरून हसल्या. या देशाला याहून चपखल नाव सापडायचं नाही, असं त्यांचं मत पडलं.

वडिलांनी तिला लहानपणी रोज पहाटे स्कूटरवर मागे बसवून सरावाला नेलं होतं. आता अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले होते. एकेक शब्द कसाबसा निघायचा. माईची सगळी धडपड त्यांच्यासाठी होती. तिने व्हॉल्टवरची, म्हणजे धावत येऊन उंच टेबलावरून मारायची, एक नवी उडी बसवली होती, स्पर्धेत कुणीच न केलेली. मोठ्या स्पर्धेत जी पहिल्यांदा ती उडी मारून पायांवर उभी राहील, तिचं आडनाव त्या उडीला लागतं आणि नियमांच्या पुस्तकात कायमचं छापलं जातं.

"पण तुझं आडनाव गुयेन," काकू म्हणाल्या. "म्हणजे आमच्याकडचे पाटील. दगड भिरकावला तर एखाद्याला लागायचाच. कुठला गुयेन ते कळणार कुणाला?"

"बाबांना कळेल," माई म्हणाली.

मग काकूंनी आपल्या नावाची गोष्ट सांगितली. माहेरी त्या सुवर्णा होत्या. लग्नात ताटभर तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सासूबाईंनी ठरवलेलं. सुवर्णाची सुलभा झाली.

"आणि सुवर्णा?" माईने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

स्पर्धा टेक्ससला होती. काकूंनी देवापाशी दिवा लावला आणि आयपॅड पुढ्यात घेऊन बसल्या. माई धावली, हात टेकले, हवेत अशी फिरली की काकूंनी डोळेच मिटले. उघडले तेव्हा माईचे पाय गादीवर टेकले होते. पण गुडघा टिकला नाही. ती बसली, मग कलंडली. पडलेल्या उडीला नाव लागत नाही.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता पुन्हा उडी नाही. कुबड्या घेऊन ती पार्सिपनीला परतली. पुढच्याच स्पर्धेत दुसऱ्या देशाच्या एका पोरीने तीच उडी मारली आणि उभी राहिली. पुस्तकात तिचं नाव गेलं. माईने ते बातमीत वाचलं, फोन पालथा ठेवला आणि गुडघ्यावर बर्फ धरून बसली.

वडिलांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. रोज ते एकच विचारायचे, नाव लागलं का, आणि ती म्हणायची, अजून ठरायचंय. अशात भावाचा निरोप आला, लगेच निघ. तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. निघायच्या सकाळी फोनवर वडिलांचा चेहरा आला आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. माईने काकूंकडे बघितलं.

काकूंना भाषा कळत नव्हती, पण प्रश्न कळला. त्यांनी फडताळातून ताट काढलं, डब्यातले तांदूळ ओतले, हाताने पसरले. बोटातली अंगठी काढून माईच्या हातात ठेवली.

माईने अंगठीने सावकाश लिहिलं, गुयेन, आणि फोन ताटावर धरला.

पलीकडून घोगरा आवाज आला. "गुयेन." मग बऱ्याच वेळाने, "मी?"

"मी," माई म्हणाली.

अर्ध्या ओठांनी ते हसले.

फोन बंद झाल्यावर तिने विचारलं, "मी खोटं बोलले का, काकू?"

"नाव लिहिलंय. अमेरिकेत लिहिलंय. तूच लिहिलंयस," काकू म्हणाल्या. "यात खोटं काय?" आणि हे म्हणता म्हणता त्यांना रडू कोसळलं. माई मात्र रडली नाही. तिने काकूंची अंगठी परत त्यांच्या बोटात घातली.

विमान हनोईला उतरायच्या आत वडील गेले.

माईचा मेसेज आला तेव्हा काकू स्वयंपाकाला लागल्या होत्या. ताट ओट्यावर तसंच होतं. फोन ठेवून त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. लग्नातलं ते ताट सासूबाईंनी लगेच उचलून नेलं होतं, आणि त्याच तांदळाचा रात्री भात झाला होता. सुलभाने तो निमूटपणे सगळ्यांना वाढला होता.

त्यांनी ताट दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि न हिंदकळू देता देवाजवळ नेऊन ठेवलं. डब्यात तांदूळ उरले नव्हते. त्या दिवशी काकूंनी भात केला नाही.