बंद नसलेली सरहद्द

सरहद्द उघडल्याची बातमी अडी केशी गावाला सरकारने दिली नाही, गाढवांनी दिली. सेनाफेच्या दक्षिणेचं हे छोटं गाव. एका सकाळी बाजारात पलीकडच्या देशातली गाढवं धान्याची पोती घेऊन उभी होती आणि त्यांना कोणी गोळी घालत नव्हतं. त्यावरून लोकांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. दुपारी रेडिओनेही कबूल केलं. काल रात्रीपर्यंत तो ज्यांना लांडगे म्हणत होता ते दुपारच्या बातम्यांत भाऊ झाले होते. मधल्या काळात लांडग्यांनी काय केलं, हे मात्र सांगितलं नाही.

अम्लेसेत तेव्हा अंगणात सुवा गाळत होती. साठी ओलांडलेली बाई. तरुणपणी स्वातंत्र्याच्या लढाईत डोंगरात होती, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आली. घरची सुवा विकून ती पोट भरायची, आणि तिची बिअर प्यायला येणाऱ्यांना तिची जीभही सोसावी लागायची. बातमी ऐकून ती शेजारणीला म्हणाली, "वीस वर्षांनी भाऊ आठवला होय यांना? वाटणी मागायची असेल."

पण म्हणताना ती दक्षिणेच्या रस्त्याकडे बघत होती. तिची लेक सबा पलीकडे, अदिग्रातला दिली होती. लग्न झालं तेव्हा सरहद्द म्हणजे एक कोरडा ओढा होता, वऱ्हाड गात गात चालत गेलं होतं. पुढच्याच वर्षी दोन्ही सरकारांनी एका खेड्यावरून युद्ध पेटवलं. ते खेडं नकाशावर दाखवा म्हटलं असतं तर लढायला गेलेल्यांपैकी निम्म्यांना दाखवता आलं नसतं. दोन्हीकडची पोरं मेली, आणि लेक माहेराला मुकली. मुलगा फिलमोन सक्तीच्या राष्ट्रसेवेत, लष्करात गेला. सेवा अठरा महिन्यांची होती. गेला तेव्हा मिसरूड फुटत होतं. आता टक्कल पडायला लागलं होतं, पण अठरा महिने काही भरत नव्हते.

चार दिवसांत मिनीबसमधून विहीणबाईच उतरल्या. मेदिन त्यांचं नाव. हातात मधाचा डबा, काखेत दोन कोंबड्या.

"सबा कुठाय?" अम्लेसेतने बसमध्ये डोकावत विचारलं.

"मुलांची शाळा आहे. सणाला सगळी येतील. म्हटलं आधी मी बघून यावं, आमच्या सुनेचं माहेर अजून उभं आहे की नाही."

"उभं आहे. तुमच्या तोफांचा नेम चांगला नव्हता."

"तुमच्या तोफांचा तरी कुठे होता? आमच्या कोंबड्या सुद्धा शाबूत राहिल्या, बघा."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की कोंबड्या घाबरून बसखाली शिरल्या.

गावचा प्रशासक कहसाय. लढाईच्या दिवसांत तो अम्लेसेतच्या तुकडीत पाण्याचे डबे वाहायचा. आता गावाला सभा वाढायचा. त्याला वरून हुकूम आला होता की शांततेचा आनंद उत्स्फूर्तपणे साजरा करावा, सकाळी नऊ वाजता. उत्स्फूर्त नाचायला प्रत्येक घरातून दोन माणसं मागवली गेली. कहसायने मेदिनबाईंना व्यासपीठावर नेलं, त्यांच्यावर लाह्या उधळल्या, त्यांना मिठी मारली आणि जाहीर केलं, "या आपल्या शांततेच्या आई!"

"मला पोरं किती आहेत ते तरी विचारायचं," मेदिनबाई खाली येऊन कुजबुजल्या. "हा एवढा मोठा पोरगा आहे म्हणून मला माहीतच नव्हतं."

त्या हिवाळ्यात शांततेचा फायदा सगळ्यात आधी तरुणांनी घेतला. कोणी लग्नाला जातो म्हणून गेलं, कोणी शेळी शोधायला गेलं. एक अख्खा फुटबॉल संघ सराव करायला गेला आणि आजतागायत सराव करतोय. कहसायची स्वतःची मुलगी रुता झेंडा घेऊन पहिल्या रांगेत नाचली होती. समारंभ संपायच्या आत झेंड्यासकट पलीकडे पसार. कहसाय सांगायचा, ती राजधानीत, अस्मारात परिचारिकेचं शिक्षण घेतेय. गावाने मान डोलावली. ज्या गावात रस्त्यावर पोरं दिसत नव्हती, तिथे अस्मारात एवढे विद्यार्थी मावतात कसे, हे कोणीच विचारलं नाही.

मग सणाच्या थोडं आधी सरहद्द बंद झाली. सणापर्यंत राहा म्हणून अम्लेसेतने थांबवून घेतलेल्या मेदिनबाई गाठोडं घेऊन फाटकावर गेल्या आणि गाठोडं घेऊन परत आल्या.

"परवाना मागतात. येताना लाह्या, जाताना परवाना."

अम्लेसेत तडक कहसायच्या कचेरीत गेली. "सरहद्द बंद केली का रे?"

"ताई, असं बोलू नका. सरहद्द बंद नाही."

"मग उघडी आहे?"

"उघडी आहे असंही मी म्हटलेलं नाही."

"मग बाईला परवाना दे."

"बंद झाल्याचा हुकूमच आलेला नाही. जे बंदच नाही त्यातून जायचा परवाना मी कसा देऊ? वरचे रागावतील. म्हणतील, बंद आहे असं तुला कोणी सांगितलं?"

अम्लेसेत दाराकडे वळली. "डोंगरात होतास तेव्हा तुला एवढी अक्कल नव्हती रे. पाणी आण म्हटलं की पाणी आणायचास."

अशा रीतीने दोन विहिणी एका छपराखाली अडकल्या. लग्नाच्या चार दिवसांत एकमेकींना सोसणं जड जातं, इथे ऋतू बदलत गेले. मेदिनबाईंना अम्लेसेतची सुवा पातळ वाटायची. अम्लेसेतला त्यांचं घोरणं तोफखान्यासारखं वाटायचं. "तुमच्याकडे कॉफी भाजतात की जाळतात?" एक विचारायची. "जाळतो. शेजारी तुमच्यासारखे असले की सवय लागते," दुसरी म्हणायची. पण रिवाजाप्रमाणे कॉफीचे तीन पेले रोज एकत्रच व्हायचे, आणि तिसऱ्या पेल्याला दोघी सबाबद्दल बोलायच्या. ती मीठ जास्त घालते, चिडली की बोलत नाही, धाकट्याला मारते आणि मग स्वतःच रडते. आपल्या लेकीची ही वीस वर्षं अम्लेसेत विहिणीच्या तोंडून घोटाघोटाने पीत होती. बाई जावी असंही तिला वाटे, आणि जाऊ नये असंही.

फोन तेवढा चालू होता. सरहद्द बंद करणारं खातं आणि फोन बंद करणारं खातं वेगळं असावं. सबा फोनवर एवढंच म्हणायची, "तुम्ही दोघी भांडू नका गं."

पावसाळ्याच्या तोंडाशी कहसाय येऊन म्हणाला, "ताई, परक्या देशाचं माणूस घरात ठेवलंय, त्याची नोंद घ्यावी लागेल."

"परकी कशी? शांततेची आई ना ती? तूच म्हणालास."

"ताई, सध्या ते पद रिक्त आहे."

तो गेला, पण दोन दिवसांनी दुपारी पुन्हा आला. एकटा, टोपी हातात घेऊन. सुवेचा पेला मागितला, प्यायला, दुसरा मागितला. मेदिनबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "विहीणबाई, तुमच्या अदिग्रातला परिचारिका असतात का हो?"

दोघी बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"असतात की," मेदिनबाई हळूच म्हणाल्या. "बस थांब्याजवळ एक मुलगी चहाची टपरी चालवते. सबा सांगत होती फोनवर. तुमच्याच गावची आहे म्हणे. दिसायला अगदी परिचारिकेसारखी."

कहसायने पेल्यात बघत विचारलं, "बरी आहे का?"

"मी इथे अडकलेय, मला कसं कळणार? गेले तर बघेन."

कहसायने पेला खाली ठेवला आणि एकदम प्रशासकाच्या आवाजात बोलला, "गुरुवारी सकाळी सभा आहे. विषय, सरहद्दीची दक्षता. गाव, पहारेकरी, ओढ्याकाठच्या चौकीतले शिपाई, सगळ्यांनी हजर राहायचं. मी स्वतः बोलणार आहे. लांब बोलणार आहे." दारात थांबून तो मागे न वळता म्हणाला, "तिला सांगा, आई रागावलेली नाही. बापाचं... बापाचं काही सांगू नका."

गुरुवारी सगळा गाव वडाएवढ्या अंजिराच्या झाडाखाली बसून सरहद्दीवरून मुंगीसुद्धा जाता कामा नये हे ऐकत होता, तेव्हा अम्लेसेत आणि मेदिनबाई निवडुंगाच्या आडोशाने ओढ्याकडे उतरत होत्या. ही वाट अम्लेसेतला लढाईपासून पाठ होती. मेदिनबाईंचे गुडघे मात्र कुठल्याच लढाईत नव्हते. "हळू गं बाई," त्या धापा टाकत म्हणाल्या. "देश काय पळून जातोय?" लाउडस्पीकरवर कहसायचा आवाज मागून येतच होता. "एकही फट! एकही फट राहता कामा नये!"

निरोप फोनवर पोचला होता. ओढ्यात सबा उभी होती.

अम्लेसेतने अठरा वर्षांची पोर पाठवली होती. समोर कपाळावर पांढरे केस आलेली भरदार बाई होती. वीस वर्षं मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं विसरून अम्लेसेत म्हणाली, "किती जाड झालीस गं!"

सबा हसली आणि तशीच खाली वाळूत बसली. अम्लेसेतही तिच्याशेजारी बसली. तिने लेकीचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, कानामागचा जुना व्रण शोधून काढला, आणि मगच तिला जवळ घेतलं. मेदिनबाई पाठ फिरवून उगाच दगडावरची माती झाडत राहिल्या.

"आई, चल ना," सबा म्हणाली. "आता चार पावलं तर राहिलीत."

"फिलमोन सेवेत आहे. मी गेले तर त्याला विचारतील, आई कुठाय. ते कसं विचारतात, तुला नाही माहीत."

सबाने पुन्हा म्हटलं नाही. चिडली की बोलत नाही, हे विहिणीने खरंच सांगितलं होतं. पण जाताना तिने आईचा तीन बोटांचा हात आपल्या गालावर दाबून धरला, आणि तो सोडवायला मेदिनबाईंनाच मधे पडावं लागलं.

"विहीणबाई," मेदिनबाई म्हणाल्या, "तुमची सुवा पातळच होती हं."

"माहीत आहे. तुमच्यासाठी पाणी घालत होते."

अम्लेसेत परतली तेव्हा सभा चालूच होती. कहसायला संपवायचं धाडस होत नव्हतं. तिला बघताच त्याने श्वास सोडला आणि गरजला, "दक्षतेच्या सभेला उशिरा येणारे हेच देशाचे खरे शत्रू! या बाईची महिनाभराची रेशनची साखर बंद!" अम्लेसेत मान खाली घालून बसली. शेजारणीला वाटलं, म्हातारी पहिल्यांदाच लाजली.

पुढच्या वर्षी रेडिओने पुन्हा नाती बदलली. अदिस अबाबातलं पलीकडचं सरकार भाऊच राहिलं, पण मधे राहणारे अदिग्रातवाले, ते लांडगे निघाले. भावाभावांनी मिळून लांडगे मारायचं ठरवलं. फोन आता खरोखरच बंद झाला. आणि कोणी परवाना न मागता फाटक सताड उघडलं. त्यातून ट्रकांच्या रांगा गेल्या. एका ट्रकमध्ये फिलमोन होता.

कित्येक महिन्यांनी तो चार दिवसांच्या रजेवर आला. जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी आईने विचारायच्या आधीच बोलला.

"मी गेलो होतो तिच्या घरी. दार तिच्या सासूने उघडलं. मी म्हटलं, सबाचा भाऊ. म्हणाल्या, बहिणीच्या सासरी पहिल्यांदा येणारा भाऊ असा येतो होय? बंदूक बाहेर ठेव. मी म्हटलं, बाहेर ठेवली तर कोणी चोरेल. म्हणाल्या, या गल्लीत आता चोरण्यासारखं तेवढंच उरलंय."

"मग?"

"ठेवली."

"आणि सबा?"

"आत पोरांना घेऊन बसली होती. नवरा डोंगरात गेलाय. धाकट्याने मला बघून चादरीत तोंड घातलं. तिने उठून पाणी दिलं. मी प्यायलो. निघताना म्हणाली, पुन्हा येऊ नकोस. मग मागून दारात आली, म्हणाली, आलास तर हे कपडे घालून येऊ नकोस."

अम्लेसेत उठली. तिने त्याचा गणवेश उचलला आणि अंगणात नेऊन धुतला. कोणी चिखल लागलाय असंही म्हणालं नव्हतं, तरी धूत राहिली. फिलमोन बापाचा जुना सदरा घालून भिंतीला टेकून बसला. शेजारची पोरं त्याला बघून पळाली नाहीत.

तिसऱ्या दिवशी कहसाय निरोप घेऊन आला की ट्रक लवकर येणार आहे. "गणवेश वाळायचाय," अम्लेसेत म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो ट्रक घेऊनच पुन्हा आला. डोक्यावर कडक ऊन होतं, आणि दोरीवर गणवेशातून पाणी ठिबकत होतं.

"ताई, अजून?"

"कापड जाड आहे रे. सरकारी."

कहसायने दोरीखालची बादली पाहिली, तिचे ओले हात पाहिले. तो झाडाखाली जाऊन बसला आणि ड्रायव्हरला सिगारेट दिली, मग आणखी एक दिली. पण ड्रायव्हरच्या सिगारेटी सरकारी कापडाएवढ्या टिकत नाहीत. हॉर्न वाजला. फिलमोनने बापाचा सदरा काढून घडी घालून खाटेवर ठेवला आणि ओला गणवेश तसाच अंगावर चढवून ट्रककडे चालत गेला.