पहिलं एक मिनिट

उजव्या हाताचा अंगठा. पहिलं बोट. दुसरं बोट. सैल सोडा.

"सोडलं गं बाई," मालनबाई रोज मोबाईलला सांगायच्या.

खुबा मोडून त्या खाटेला खिळल्या त्याला दोन वर्षं झाली. झोप उडाली. तेव्हा पुण्यात योगाचे वर्ग घेणाऱ्या लेकीनं, पंकजानं, ही योगनिद्रा पाठवली. राहुरीहून पुणं काही लांब नाही. पण आला तो आवाजच.

सून मोनिका दुपारी भांडी आटोपून पायाशी बसायची, मोबाईल लावायची, पहिलं एक मिनिट बोटानं पुढे ढकलायची आणि पाय चेपायला घ्यायची.

उजवा गुडघा. पोटरी. घोटा.

घोट्यापर्यंत सासूबाई घोरायला लागलेल्या असत.

त्या दिवशी शेजारच्या रंगुबाई आल्या.

"माझ्या लेकीनं खास माझ्यासाठी भरून धाडलंय," मालनबाई म्हणाल्या. "न्हाईतर हिचा आवाज! पत्र्यावर खडं पडल्यावानी. कुनाला झोप यायची?"

"अगं, पाय तर तीच दाबती की."

"दाबंल न्हाईतर काय करंल? दुसरं काय येतंय तिला? लाव गं, ऐकू दे रंगूला."

मोनिकानं लावलं. बोट उचललं. तसंच धरलं.

नमस्कार. ज्यांना झोप येत नाही अशा माझ्या हजारो श्रोत्यांसाठी ही योगनिद्रा. माझी आई अंथरुणावर आहे. रोज दुपारी मी स्वतः तिच्या पायाशी बसते, तिचे पाय चेपते...

रंगुबाईंना एकाएकी शेळी सोडायची आठवण झाली. त्या गेल्या.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पहिल्या दिसापासनं, आत्या."

मालनबाई वरच्या पत्र्याकडे बघत राहिल्या.

"मंग आजच कशाला ऐकवलंस?"

मोनिकानं पाय चेपायला घेतला. मालनबाईंनी तो ओढून घेतला. ओढवला तेवढा.

दुसऱ्या दिवशी मोनिकानं पहिलं मिनिट ढकलून लावलं.

उजवा गुडघा. पोटरी. घोटा.

डावा गुडघा. पोटरी. घोटा.

पाठ, मान, कपाळ. सगळं अंग संपलं. मालनबाई टक्क जाग्या.

"परत लाव."

मोनिकानं बोट पुढे केलं.

"ढकलू नगंस. पहिल्यापासनं लाव."

नमस्कार, मोबाईल म्हणाला. मोनिका पाय चेपत राहिली. रोज दुपारी मी स्वतः तिच्या पायाशी बसते, इथवर आवाज आला, आणि मालनबाईंनी डोळे मिटले.