बेचाळीस हातांचं इंजिन

माझा नवरा मंगेश मालवणला फोटो स्टुडिओत कामाला. घरी आला, हातपाय धुतले, की रेल्वेचं इंजिन बांधायला बसायचा. कॉम्प्युटरात. दोन हजार चार साल असेल. तोंडवलीत आमच्या वाडीत तो एकच कॉम्प्युटर, आणि तोही माझ्या शिलाई मशीनला चिकटून ठेवलेला. इकडे माझं मशीन खडखडायचं, तिकडे त्याची गाडी. डोकं उठायचं माझं.

तो आगगाडी चालवायचा खेळ होता. त्यात परदेशातल्या गाड्या आयत्या मिळायच्या, कोकणातलं मात्र काही नाही. मग हौशी लोक एकेक गोष्ट स्वतः तयार करून खेळात घालायचे आणि इंटरनेटवरून एकमेकांना द्यायचे. पुण्याच्या कोणीतरी आपल्याकडचे रूळ, बोगदे, कुडाळचं स्टेशन, फलाटावर छत्री घेऊन उभा राहिलेला माणूससुद्धा करून ठेवला होता. फक्त आमच्याकडून धावणारं डिझेलचं इंजिन कोणी केलं नव्हतं. ते करायचं मंगेशने मनावर घेतलं. सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कापून आकारावर चिकटवले, फाटकाजवळ उभं राहून भोंगा टेप केला. घरावरचं फुटकं कौल मात्र त्याने कधी मनावर घेतलं नाही.

माझे सासरे भिकाजी होड्या बांधायचे. मुलगा ना होडीवर गेला, ना त्याने हत्याराला हात लावला, म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. एका पंक्तीला बसायचे आणि मला मध्ये घालायचे. "तेका सांग, मीठ सरकव." मीठ त्या दोघांच्या मधेच असायचं.

घोडं अडलं ते लांबीपाशी. लांबी एकदा पक्की कळली की बाकीचं फोटोवरून काढता येत होतं, पण इंटरनेटवर तिघांचे तीन आकडे. शेवटी बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं कुडाळला गेलो. मला दोरे हवे होते, सासऱ्यांना खिळे आणि मंगेशला इंजिन. गाडी क्रॉसिंगला थांबली होती. मंगेशने लोखंडी टेप काढली, तर ती खाऱ्या हवेने गंजून तिसऱ्या फुटावर अडकलेली. पुढेही येईना, मागेही जाईना. मंगेश अगदी रडकुंडीला आला. तेव्हा कित्येक महिन्यांनी सासरे त्याच्याशी थेट बोलले.

"सर बाजूक. टेप कित्याक होयी?"

आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात टाकत टाकत ते इंजिनाला चिकटून फलाटावरून चालू लागले. ड्रायव्हरने वरून विचारलं, "काका, काय चाललंय?"

"माप घेतंय," सासरे म्हणाले, जणू इंजिन त्यांच्याकडेच दुरुस्तीला आलं होतं. दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी हाळी दिली, "बेचाळीस!"

संध्याकाळी बापलेक एका बाकावर बसून हिशोब करत होते. दीड फुटाचा एक हात, असे बेचाळीस हात. मला इतकं बरं वाटलं की दोघांनाही न मागता माशाची एकेक तुकडी जास्त वाढली.

इंजिन झालं. एका रविवारी सकाळी मंगेशने ते खेळाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवलं. फाईलीत कुठेतरी एक कंस टाकायचा राहिला होता म्हणून खेळ आधी बंद पडला, मग एकदाचा उघडला. रुळावर उभं असलेलं ते इंजिन बघून मीसुद्धा मशीन थांबवलं. काय देखणं होतं! मग ते कुडाळ स्टेशनात शिरलं आणि सुरीने खरवस कापावा तशी फलाटाची कड कापत गेलं. छत्रीवाला माणूस इंजिनाच्या पोटात गेला आणि मागून छत्रीसकट बाहेर आला.

मंगेशने सगळे आकडे तपासले. चूक कुठेच सापडेना. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. सासऱ्यांच्या उजव्या हाताची मधली बोटं जाळ्याच्या दोरखंडात सापडून पुढून तुटली होती, त्याला झाली असतील दहा-बारा वर्षं. शर्ट शिवते असं सांगून मी त्यांचा हात मापला. अठरा इंचांच्या जागी सोळा भरला. आखूड हाताने मोजल्यामुळे इंजिनाचे हात वाढले होते, आणि लांबीच्या प्रमाणात रुंदीही. दुरुस्ती म्हणजे एक आकडा बदलायचा, बस.

मंगेश हसायला लागला आणि मधेच थांबला. "नम्रता, बाबा होडयो ह्याच हातान बांधतत!"

इतक्या वर्षांच्या सगळ्या होड्या, सांगितल्या मापाहून आखूड! शेजारचा लवू तेच तर घसा फोडून सांगत होता. त्याच्या होडीत चौथा खलाशी गुडघे हनुवटीला लावून बसायचा. सासऱ्यांनी त्याला भर देवळात खोटारडा ठरवलं होतं. आता हे बाहेर पडलं तर त्यांचं नाव मातीत जाणार होतं.

"आधी तो आकडो बदल," मी म्हटलं. तेवढ्यात बाहेर खळ्यात नारळ फुटला, नव्या होडीसाठी फोडतात तसा. सासरे गाऱ्हाणं घालत होते, "बा देवा म्हाराजा, ह्या इंजिन माझ्या हाताच्या मापान झाला. जे कोण ह्या हाताक आखूड म्हणतत, तेंका आज डोळे दी रे म्हाराजा!"

आणि मुद्दाम बोलावून आणलेला लवू, रीत मोडता येत नाही म्हणून, दातओठ खात म्हणत होता, "व्हय म्हाराजा!"

आकडा बदलायच्या आतच दोघं आत येऊन बसले. "चालव," सासरे म्हणाले. मंगेशने माऊस पुसला, की-बोर्ड पुसला, वीज जाईल का म्हणून पंख्याकडेही बघून घेतलं. वीज गेली नाही. इंजिन सुरू झालं आणि फलाट कापत गेलं.

लवू खुर्चीतून उठलाच. "अरे, फलाट फाडल्यान! मी काय सांगी होतंय? भिकाजी, तुझो हात..."

"माझी चूक, लवूकाका," मंगेश घाईघाईने म्हणाला. "आकडो मीच चुकीचो टाकलंय. बाबांचा माप बरोबर आसा."

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "नम्रता, सकाळी माझो हात मापलंस तो बोटांपर्यंत. शर्टाक बोटा असतत गो?"

मी टेप पदराआड केली. त्यांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. 

"लवू," ते म्हणाले, "पोराची चूक नाय. हात माझोच आखूड. तुझी होडी आखूड आसा."

मला रडूच फुटलं. हे ऐकण्यासाठी लवू देवळात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत भांडला होता. आता ऐकायला मिळालं तर त्याला काय करावं ते सुचेना.  मग तो खुर्चीत बसला, चष्मा पुसला आणि स्क्रीनपाशी वाकला.

"मंगेशा, ह्यो फलाट कोणी काढलो?"

"पुण्याच्या एकान."

"मगे! पुण्यात बसान कुडाळचो फलाट काढलो तर असोच होतलो. पुढे इलो आसा तो. इंजिनाक हात लावू नको. फलाट मागे सरकव." मग तो सासऱ्यांवर खेकसला, "आणि माझ्या होडयेक आखूड म्हणणारो तू कोण रे?"

इंजिन लहान करायला एक आकडा पुरला असता. फलाट मागे सरकवण्यात मंगेशची चतुर्थीची अख्खी सुट्टी गेली. दोन्ही म्हातारे त्याच्या दोन बाजूंना बसून हुकूम सोडत होते, आणि माझे ऐन सणाचे ब्लाउज खुर्च्यांखाली चुरगळत पडले होते. मी तिघांनाही न मागता एकेक मोदक जास्त वाढला.