बाराव्या फोटोची वरची बाजू

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आणि कुणाचा बसलाच, तर मला त्याची काळजी वाटेल," असं मी फ्रेमवाल्याच्या दुकानात स्टुलावर बूड टेकताक्षणी जाहीर करून टाकलं. हे आधीच सांगितलेलं बरं असतं. मग लोक शंका घ्यायची तसदी घेत नाहीत.

दुकानात तिघं होते. एक फ्रेमवाला, करवतीने लाकडी पट्टीचे कोपरे तिरपे कापत होता. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, वडिलांच्या तसबिरीची फुटलेली काच बदलून घ्यायला आलेल्या. तिसरी माझी लेक. तिच्या हातात यादी होती आणि कानामागे पेन. लहानपणापासून तिचं हेच. घरात कुणीही गप्पा मारायला बसलं की ही यादी घेऊन उभी.

भिंतीला टेकवून अकरा फोटो ओळीने उभे होते, फ्रेम झालेले. बारावा टेबलावर उघडा पडला होता. सगळे एकाच तळ्याचे, पानगळीतले.

"ही चित्रं तुम्ही रंगवलीत?" बाईंनी विचारलं.

"चित्रं नाहीत, फोटो आहेत. पाण्याचे."

"यात पाणी कुठंय?"

"बाई, पाणी कधी दिसतं का? पाण्यात पडलेलं दिसतं."

बाईंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. गंजका तांबडा, पिकलेला पिवळा, त्यातून गेलेल्या काळपट रेघा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत विरून गेलेल्या. तरंगांनी सगळ्याच्या चिंध्या केलेल्या. झाड म्हणून ओळखू येईल असं त्यात काही नव्हतं, आणि तोच तर मुद्दा होता.

"काका, गोष्ट मागाहून," फ्रेमवाला म्हणाला. "आधी याची कडी कुठल्या बाजूला ठोकू ते सांगा. मला यातलं वर-खाली काही कळत नाही."

"मागे बघ. बाण असेल."

त्याने फोटो पालथा केला. मागे निळ्या खडूची एक रेघ होती, टोकाला डावीकडे एकच तिरकी काडी. दुसरी काडी नाही.

"हां. काकूंचाच," तो म्हणाला.

लेकीने यादीतून मान वर काढली. "बाराव्यालाही आहे?"

"आहे की. डोळ्यांनी बघ."

हा बाण आमच्या हिचा. ही शिलाईकाम करायची. मखमल शिवायची असली की कापडाच्या मागच्या अंगाला खडूने बाण काढून ठेवायची, लव कोणत्या दिशेला बसते ते कळावं म्हणून. नाहीतर एकाच झग्याला दोन रंग आल्यासारखे वाटतात. दुसरी काडी काढायची नाही, खडू फुकट जातो म्हणून. तोच नियम तिने माझ्या फोटोंना लावला. कारण मी पाण्यात उभा राहून पाणी बघायचो आणि ही काठावर छत्री घेऊन झाड बघत बसायची. घरी प्रिंट हातात आली की माझं मलाच कळायचं नाही कुठली बाजू कुठली. तिला कळायचं. सुरुवातीला भांडणं झाली. मी म्हणायचो, पाण्यात दिसतं तसंच लावायचं, शेंडा खाली. ती म्हणायची, "झाडाने असा काय गुन्हा केलाय, त्याला उलटं टांगायला?" खडू तिच्या हातात, म्हणजे निकालही तिच्याच हातात.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली.

मग लेकीने या फोटोंच्या प्रदर्शनासाठी वाचनालयाचं दालन ठरवलं आणि दाराशी पाटी लावली, 'दोघांचे फोटो'. अट एकच घातली. ज्याच्या मागे आईचा बाण असेल, तोच भिंतीवर जाईल. घर धुंडाळून अकरा निघाले. भिंतीवर खिळे बारा होते. मला रडूबिडू काही आलेलं नाही. लोक येतात, खांद्यावर हात ठेवतात, मी त्यांना चहा विचारतो. पण दालनात तो बारावा खिळा नुसता उभा असलेला पाहिला आणि तिथून पुढे माझं कशातच लक्ष लागेना. ही आणखी एकदा काठावर बसलेली असती, तर काय बिघडलं असतं?

"हा कधीचा?" लेकीने विचारलं.

"गेल्या वर्षीच्या पानगळीतला. कपाटामागे पडला होता, परवा सापडला. आता ऐकणार आहात की नाही?"

"ऐकतो, ऐकतो," फ्रेमवाला म्हणाला.

"त्या दिवशी तळं इतकं निश्चल होतं, की एक पाखरू पाण्यातल्या फांदीवर बसायला गेलं. भिजून वर आलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही फांदी मीच काढून घेतली."

बाई खुदकन हसल्या.

"आणि पानं म्हणाल, तर ती आधी पाण्यातल्या झाडाची गळाली. खालून वर तरंगत आली. काठावरचं झाड दोन दिवस नुसतं बघत राहिलं. मग साहेबाची सही झाल्यावर कारकून जसा कागद हलवतो, तशी त्याने भराभर सगळी पानं खाली टाकली."

"काका, हे जरा जास्त होतंय."

"म्हणून तर आधी सांगितलं होतं. मी गुडघाभर पाण्यात उभा. एक जळू येऊन पोटरीला चिकटली. दोन मिनिटं खटपट केली बिचारीने आणि सोडून गेली. आत काही सापडलं नसावं."

बाई आता पदर तोंडाला लावून हसत होत्या. लेक हसली नाही.

"पाणी गार नव्हतं?" तिने विचारलं.

"कळलं नाही."

हे मात्र खरं होतं. बुटात पाणी शिरताना मी पाहिलं होतं, तेवढंच. पाय कुणाकडून उसने आणल्यासारखे खाली उभे होते.

"आणि आई?"

"आई काठावर. छत्री उघडून, ऊन नव्हतं तरी. मला ओरडून म्हणाली, अहो, कंबरेत वाका, गुडघ्यात नको. उद्या शेकायला मीच आहे."

फ्रेमवाल्याची करवत थांबली. "अगदी काकूच," तो म्हणाला. त्याचा आवाज जरासा ओला झाला. माझा झाला नाही. शेजारच्या खोलीत रेडिओ लागावा तसा माझा आवाज मला ऐकू येत होता, आणि रेडिओ छान चालला होता.

"घरी आलो, प्रिंट केली. सुकायचीही वाट बघितली नाही हिने. एका हाताने भाजी ढवळतेय, दुसऱ्या हातात खडू. बघितलं न बघितलं आणि ओढला बाण. मी म्हटलं, अगं, नीट बघ तरी. तर म्हणते, तुम्ही बघितलंत ना पाण्यात, मग आता मला बघू द्या."

"झालं तर मग," फ्रेमवाला म्हणाला. त्याने फोटो चौकटीत बसवला, मागची पाटी दाबली, बाणाच्या टोकाशी कडी ठोकली आणि ओळीच्या शेवटी नेऊन उभा केला. "बारा."

बाई दोन पावलं मागे सरकून बघू लागल्या. "छान दिसतंय हो. काही कळत नाही, पण छान दिसतंय."

लेकीने यादी टेबलावर ठेवली. ओळीच्या पहिल्या टोकापासून ती एकेक फोटो बघत पुढे सरकली. अकराव्यापाशी उकिडवी बसली. काचेवर बोट टेकवून एका काळपट रेघेवरून खालून वर गेली, जाड टोकाकडून बारीक टोकाकडे. मग बाराव्याच्या काचेवर बोट ठेवलं. ते तसंच खालून वर नेलं, मध्येच थांबवलं आणि परत खाली आणलं.

फ्रेमवाल्याने हातोडी हळूच बाजूला ठेवली.

"बाबा, खोटं आहे हे," ती मागे न वळता म्हणाली. "अकरांमध्ये फांद्या वर जाताना बारीक होतात. यात खाली जाताना. आईने झाड उलटं टांगलं नसतं. बाण तुम्ही काढलाय. हा फोटो यंदाचा आहे, आणि तुम्ही एकटेच गेला होतात."