थॉर्नरॉइडचं फाटक

आबेल थॉर्नरॉइड माझ्या दुकानात चहापत्ती घ्यायला आला की चहापत्ती एका मिनिटात व्हायची आणि आडनाव अर्धा तास चालायचं. सहाशे वर्षांपूर्वी जॉन नावाच्या कुणा माणसानं आमच्या यॉर्कशरच्या डोंगरउतारावरचं काटेरी रान तोडलं. थॉर्न म्हणजे काटा, रॉइड म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. त्या तुकड्याचं नाव जॉनला चिकटलं, जॉनचं त्याच्या पोरांना, आणि तेव्हापासून त्या शेतावर दुसऱ्या नावाचा माणूस धनी झाला नव्हता.

"जगात कुठेही थॉर्नरॉइड भेटला ना हेस्टर, तर तो माझ्या स्वयंपाकघरातून निघालेला समज."

"मग मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवसांत त्यांतला एकही कसा उगवत नाही?" मी म्हणायचे.

या थट्टेवर तो हसायचा, पण ती त्याला आतून झोंबतच असणार. दोन मुलं होती. एक लढाईत आफ्रिकेच्या वाळूत राहिला, दुसरा समुद्रात. मुलगी मार्था लग्न करून जवळच्या हॅलिफॅक्सला गेली आणि ग्रीनवुड झाली. आडनावाच्या जमाखर्चात मुलगी खर्चाकडे पडते, असं आबेलचं मत. मार्था दर महिन्याला बसनं येऊन त्याचे मोजे रफू करून, कपाट भरून जायची. ते तो कोणत्या बाजूला मांडत होता कोण जाणे.

त्याला खरी काळजी होती ती मधमाश्यांची. आमच्याकडे धनी गेला की घरातलं कुणीतरी दाराची किल्ली घेऊन मधमाश्यांच्या पेट्यांपाशी जातं, एकेक पेटीवर ठकठक करतं आणि सांगतं, धनी गेला, आता अमका तुमचा धनी. नाही सांगितलं तर माश्या रुसून निघून जातात. नुसतं गेल्याचं सांगून भागत नाही, पुढचं नावही द्यावं लागतं. थॉर्नरॉइडच्या माश्यांनी आजवर एकच आडनाव ऐकलेलं.

"माझ्या वेळी काय सांगणार?" आबेल म्हणायचा. "ग्रीनवुड? तो जावई तर माशी दिसली की मोटारीच्या काचा वर करतो."

त्या उन्हाळ्यात कॅनडाहून वॉल्टर आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, गव्हाची शेती करणारा. माझ्या दुकानावरची खोली त्यानं भाड्यानं घेतली आणि वहीत नाव लिहिलं, वॉल्टर थॉर्नरॉइड. मी ते दोनदा वाचलं आणि चहाचं आधण तसंच टाकून आबेलला बोलवायला गेले.

महिनाभर आबेल वीस वर्षांनी लहान झाला होता. वॉल्टरनं त्याच्याबरोबर गवत कापलं, पडलेला दगडी बांध रचला. आमच्या पद्धतीनं केकबरोबर चीज खाताना आधी तोंड वाकडं केलं, मग दुसरा तुकडा मागून घेतला. आबेलनं त्याला पेट्यांपाशी नेलं, तोंडावर जाळी न घालता उभं केलं, आणि एकही माशी चावली नाही.

"ओळखलं त्यांनी," आबेल मला सांगायला मुद्दाम टेकडी उतरून आला.

"दुपारच्या उन्हात माश्या कामात असतात, आबेल. त्यांनी मलाही ओळखलं असतं."

"तू दुकानदार. तुला रक्तातलं काय कळणार?"

मग एका रविवारी चर्च सुटल्यावर तो वॉल्टरला थडगी दाखवायला घेऊन गेला. मी मागे फुलं बदलत होते. सगळे थॉर्नरॉइड एका ओळीत झोपलेत, आबेल प्रत्येकाची कुंडली सांगत चालला होता. शेवटी म्हणाला, "आता तुझा आजा सांग. यांतल्या कुणाचा तो?"

"ते शोधायलाच तर आलोय," वॉल्टर म्हणाला. "आजोबा जोसेफ. लहानपणी इथल्या अनाथाश्रमात होते, तिथून त्यांना बोटीनं कॅनडाला पाठवलं. आईबापांचं ते कधी काही बोलले नाहीत."

माझ्या हातातली फुलं तशीच राहिली. आमच्या भागात हे सांगावं लागत नाही. टाकलेलं मूल जिथे सापडे, त्या जागेचं नाव आश्रमवाले त्याला देत. पुलाखाली सापडलेला ब्रिज, गिरणीच्या दाराशी सापडलेला मिल. जोसेफ थॉर्नरॉइडच्या फाटकाशी सापडला असणार.

आबेललाही हे कळायला तेवढाच वेळ लागला. त्यानं टोपी घातली.

"थॉर्नरॉइडचा माणूस कधी आश्रमात गेलेला नाही," तो म्हणाला. "तू घराचा नाहीस, पोरा. फाटकाचा आहेस."

दुपारी वॉल्टरनं बॅग भरली, खोलीचं भाडं चुकवलं, माझ्याजवळ पत्ता ठेवला. "पेट्या सांभाळायला सांगा त्यांना. डावीकडचीचं झाकण सैल झालंय," म्हणाला, आणि बसनं गेला.

ऑगस्टमध्ये माळावर जांभळी झुडपं फुलली. त्या फुलांच्या मधासाठी आबेल दरवर्षीसारखा पेट्या वर घेऊन गेला. मी त्याचं पाव-चीज घेऊन गेले, तर तो पेट्यांशी बोलत उभा.

"पोराला लागेलसं बोललो. पहिला जॉन तरी कुठे नाव घेऊन जन्मला होता? त्यालाही जमिनीनंच दिलं. या पोरालाही जमिनीनंच दिलं. माझ्यानंतर तोच तुमचा धनी."

मी पावाचं फडकं गवतावर ठेवलं. "हे वॉल्टरला सांगितलंस का?"

"सांगितलं ना."

"कुणाला?"

त्यानं हनुवटीनं पेट्या दाखवल्या.

"पत्ता माझ्याकडे आहे, आबेल. तिकीटही मी लावते. तू फक्त दोन ओळी लिही."

"बघू. गवत आत येऊ दे."

गवत आत आलं. मग मेंढे विकायचे होते. मग बर्फ पडलं. जानेवारीत आबेल गेला.

दफनाच्या दिवशी मार्था किल्ली घेऊन पेट्यांपाशी उभी राहिली. पेट्यांना दुखवट्याच्या काळ्या फिती बांधून झाल्या होत्या. तिनं ठकठक केलं आणि थांबली. "हेस्टरमावशी, नाव कुणाचं सांगू?"

मी तिला सांगितलं. माळावर काय ऐकलं तेही सांगितलं. तिनं वळून बापाच्या घराकडे पाहिलं. महिन्याच्या महिन्याला आलेल्या बसचा हिशेब कदाचित तिनंही तेव्हा मांडला असेल. मग पेटीवर वाकून हळू म्हणाली, "आबेल गेला. आता वॉल्टर थॉर्नरॉइड तुमचा धनी."

तिनंच वॉल्टरला बापाचे शब्द कळवले, शेत सांभाळायला यायचं असेल तर ये म्हणून लिहिलं. उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. आभार होते, मार्थाचं सांत्वन होतं. पलीकडे शेत आहे, बायको आहे, आता जमणार नाही, असं होतं. खाली एकच प्रश्न होता. हे ते मला का नाही म्हणाले?

मी उत्तर लिहिलं, की इथले लोक मनातलं मधमाश्यांना सांगतात. वाचून पाहिलं तर कॅनडातल्या माणसाला पटण्यासारखं वाटेना. दुसरं काही खरं नव्हतं, म्हणून तेच पाठवलं.

शेत घरासकट लीड्सच्या एका वकिलानं सुट्टीत राहायला विकत घेतलं. फाटकावरची थॉर्नरॉइड ही पाटी त्याला आवडली, तेवढी त्यानं ठेवली. मे महिन्यात मी पेट्या बघायला गेले. डावीकडचीचं झाकण वाऱ्यानं उडालं होतं. आत मेण होतं, थोडा मधही होता. माश्या नव्हत्या.